स्टेंटनंतरच्या गोळ्यांचे काय?

समजा, प्रभादेवीतल्या एका जुन्या चाळीत पहाटे साडेचार वाजता एकसष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या छातीत दाबल्यासारखे होऊ लागते. डावा हात जड पडतो, दरदरून घाम येतो. बायको आधी ओव्याचे पाणी देते, कारण रात्री बटाटेवडे झालेले असतात. वीस मिनिटांनी मुलगा उठतो, शेजारच्या खोलीतला त्याचा मित्र उठतो आणि गॅलरीत चर्चा सुरू होते. चर्चेचा विषय हृदय नसतो, पैसा असतो. न्यायचे कुठे? केईएमला गर्दी असेल. जवळच्या खासगीत नेले तर आधी अनामत भरा म्हणतील. 'ते पाच लाखांचे कार्ड' आपल्याकडे आहे का? ते काढायचे राहूनच गेले. रेशनकार्ड कपाटात आहे की गावी काकांकडे?

हे घर काल्पनिक आहे. पण सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात चार रात्री काढलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल.

आत, छातीच्या पिंजऱ्यात, तेव्हा काय चाललेले असते? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या धमनीत गुठळी अडकलेली असते. तिच्या पुढच्या स्नायूला प्राणवायू मिळत नाही आणि साधारण अर्ध्या तासात त्या स्नायूच्या पेशी मरायला लागतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगले काम करते, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नसतो. अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीही जितकी लवकर तितकी बरी. म्हणजे गॅलरीतल्या चर्चेत गेलेली वीस मिनिटे ही स्नायूची वीस मिनिटे असतात. त्या क्षणी प्रश्न एकच: ईसीजी काढून लगेच उपचार सुरू करणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? १०८ला फोन करावा, टॅक्सी आधी मिळत असेल तर टॅक्सीने जावे.

पैशांची भीती त्या घटकेपुरती तरी बाजूला ठेवता येईल, असा कायदेशीर आधारही आहे. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे, बाकीच्या औपचारिकता नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. ते सरकारी आणि खासगी अशा सर्वच डॉक्टरांना लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांना तर तातडीच्या रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात दारातून परत पाठवले गेल्याच्या तक्रारी येतच असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हक्क माहीत असलेला नातेवाईक आणि नसलेला नातेवाईक यांच्याशी काउंटरवर वेगळ्या आवाजात बोलले जाते, हेही तितकेच खरे.

प्रभादेवीकरांचे एक नशीब असे की, रेल्वेरूळ ओलांडले की परळची रुग्णालयेच रुग्णालये. केईएम, वाडिया, टाटा, कामगार विम्याचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यापासून गाडीला दादरच्या टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडतो. पहाटे तो काही मिनिटांचा असतो, संध्याकाळी सहा वाजता मात्र त्याचा हिशेब आधीच डोक्यात असलेला बरा.

तर हे गृहस्थ रुग्णालयात पोहोचले, ईसीजीत झटका दिसला, अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवायचे ठरले. आता पैशांचा प्रश्न खरा. गंमत म्हणजे, या घराला वाटते आपल्याकडे काहीच नाही. प्रत्यक्षात त्यांच्याकडे एक नव्हे, तीन-चार छत्र्या आहेत. कुठली कुठल्या पावसात उघडायची, हे कुणी सांगितलेले नाही.

पहिली छत्री महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. २ जुलै २०१२ रोजी ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७मध्ये नाव बदलले. सुरुवातीला पिवळे आणि केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते. नंतर केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. जुलै २०२३च्या निर्णयाने आणि १ जुलै २०२४पासूनच्या अंमलबजावणीने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली, शुभ्र कार्डवाल्यांनाही. मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये. माणशी नव्हे, कुटुंबाला. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही.

ही योजना खिशात पैसे देत नाही. ठरलेल्या यादीतला उपचार, यादीवरच्या रुग्णालयात, ठरलेल्या दराने रोख न देता मिळतो. २०२४मध्ये यादीत १,३५६ उपचार होते, नंतर ती वाढवण्याचे निर्णय झाले. स्टेंट त्यात बसतो, बायपास बसते, कर्करोगाचे बरेचसे उपचार, डायलिसिस बसते. पालिकेची मोठी रुग्णालयेही योजनेत आहेत. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो, त्याला शोधायचे. तो रुग्णालयाचा नोकर नसतो, योजनेचा असतो. म्हणून बिलाच्या खिडकीवर विचारण्याऐवजी त्याला विचारावे. रुग्णाचे ओळखपत्र आणि ज्यात त्याचे नाव आहे असे रेशनकार्ड, एवढे त्याला लागते. रात्री-अपरात्री आणीबाणी असेल तर फोनवरून मंजुरीची सोय आहे आणि कागद नंतर ठरलेल्या मुदतीत आणून देता येतात. उपचार आधी रोख भरून केला आणि मग योजनेत पैसे मागितले, तर बहुधा हात हलवत परत यावे लागते. म्हणून विचारायचे ते दाखल होतानाच.

इथवर सगळे छान. गृहस्थांना स्टेंट बसतो, चौथ्या दिवशी ते घरी येतात, चाळीत पेढे वाटले जातात.

आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. शरीराच्या दृष्टीने ती परकी वस्तू. तिच्यावर नव्याने गुठळी धरू नये म्हणून रक्तातल्या बिंबाणूंना आवरणाऱ्या दोन गोळ्या लागतात: अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तिकाग्रेलोर. झटक्यानंतर ही जोडी साधारण वर्षभर चालते, एकही दिवस न चुकवता. जोडीतली दुसरी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबते, अ‍ॅस्पिरिन सहसा आयुष्यभर राहते. त्याखेरीज कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची, या गृहस्थांच्या बाबतीत मधुमेहाचीही. पहिल्या काही आठवड्यांत गोळ्या सोडल्या तर स्टेंट अचानक बंद पडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. तो दुसरा झटका पहिल्यापेक्षा भयंकर असतो, कित्येक रुग्ण त्यातून वाचत नाहीत. गोळ्या का सोडल्या, असे विचारले की उत्तरे ठरलेली. 'बरे वाटत होते.' 'पट्टी संपली होती, पगार व्हायचा होता.' 'आईच्या गोळ्या आणायच्या होत्या, म्हटले माझ्या पुढच्या आठवड्यात.'

योजनेच्या पॅकेजात घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासणी येते. काही निवडक उपचारांना त्यापुढच्या पाठपुराव्याची वेगळी पॅकेजेस आहेत. २०१२मध्ये योजना सुरू झाली तेव्हाच ९७२ उपचारांबरोबर अशा १२१ पाठपुरावा सेवा होत्या. आपल्या उपचाराला ती लागू आहे का, हे घरी निघण्याच्या दिवशी आरोग्यमित्राला विचारून घेतले पाहिजे. बहुतेक जण विचारत नाहीत, कारण त्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते. आणि ज्या रक्तदाबाने, ज्या मधुमेहाने ही धमनी दहा वर्षे पोखरली, त्यांच्या रोजच्या गोळ्या आणि तपासण्या या योजनेत नाहीतच. दाखल व्हा, मग योजना धावून येते. दाखल होऊ नये म्हणून जे करायचे, ते ज्याचे त्याने पाहायचे. लाखाचा खर्च सरकार उचलते आणि महिन्याची काही शेकड्यांची औषधे घराच्या खर्चातून निसटतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०२१-२२मध्ये ३९.४ टक्के होता. सात वर्षांपूर्वी तो ६२.६ टक्के होता, म्हणजे घट मोठीच आहे. पण उरलेल्यात औषधांचा हिस्सा फार मोठा आहे.

हे असेच असावे लागते असे मुळीच नाही. थायलंडने २००१-०२मध्ये तीस बाहतची योजना आणली, तिच्यात बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे पहिल्यापासून होती. इतक्या लांब जायचीही गरज नाही. प्रभादेवी-परळच्या गिरण्यांत हे सत्तर वर्षांपूर्वी आले होते.

दुसरे महायुद्ध चालू असताना ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल आला आणि त्याच सुमारास भारतात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४चा. त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तीही याच वर्षी. १९५२मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि लवकरच मुंबईच्या गिरणगावात पोहोचली. गिरणी कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी, मालकाकडून जास्त. बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, औषध, रुग्णालय, शिवाय आजारपणातल्या खाड्यांचा काही पगार. खर्चाला कुटुंबामागे वरची मर्यादा नाही. खोकल्याच्या औषधापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळे एकाच छत्रीत.

जानेवारी १९८२चा संप आणि त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या यांची कहाणी नोकऱ्यांची आणि घरांची कहाणी म्हणून सांगितली जाते. पण त्या नोकरीबरोबर कामगार विम्याचे कार्डही गेले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. या आपल्या गृहस्थांचे वडील गिरणीत होते, त्यांच्या घरात औषध विकत आणण्याची सवयच नव्हती. गृहस्थ स्वतः दादरच्या एका दुकानात कामाला लागले. दुकानात माणसे सहा. विमा नाही. रक्तदाब चाळिशीतच निघाला होता. गोळी कधी घेतली, कधी नाही.

आता मुलगा. गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा आहे, त्यात तो कंत्राटदारामार्फत हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे. पगार एकोणीस हजार. पगारपत्रकावर एक ओळ असते, 'ईएसआय १४३'. ही कसली कपात, म्हणून तो तीन वर्षे मनातल्या मनात चरफडतो आहे. तर ती ही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाला ही योजना लागू होते. कामगाराकडून पगाराच्या पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. मुलाचे १४३ गेले की मालकाला ६१८ भरावे लागतात. आणि या छत्रीखाली फक्त तो आणि त्याची बायको-मुले येत नाहीत. स्वतःचे पुरेसे उत्पन्न नसलेले, त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. म्हणजे वडिलांच्या स्टेंटनंतरच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, आईच्या गुडघ्याच्या, या सगळ्यांचा मार्ग त्या १४३ रुपयांतून जातो. वडिलांची नावे कुटुंबाच्या नोंदीत घातलेली मात्र पाहिजेत. बऱ्याच तरुण कामगारांनी ती घातलेली नसतात. काहींना आपला विमा क्रमांकही ठाऊक नसतो.

कामगार विम्याच्या रुग्णालयांबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. औषध नाही, तज्ज्ञ नाही, बाहेर पाठवले तर पत्रासाठी खेटे. मोठ्या खर्चिक उपचारांसाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागते. पण ज्यासाठी दरमहा पैसे कापले जातात ते मागायचेच नाही, याला काय म्हणावे? कंत्राटदार कपात करतो पण भरत नाही, असेही घडते. ते तपासायचे तर विमा क्रमांक टाकून महामंडळाच्या संकेतस्थळावर वर्गणी जमा झाल्याचे दिसते. मुलाने हे झटक्याच्या रात्री नव्हे, एखाद्या रविवारी दुपारी करावे.

तिसरी छत्री धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेली योजना यांमुळे अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची असते. शहरातली काही झगमगीत रुग्णालये या यादीत आहेत, हे त्यांच्या दारातून कळत नाही. योजनेत नसलेला उपचार हवा असेल, पाच लाख संपले असतील, तेव्हा ही वाट कामाला येते. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो आजारी पडल्यावर काढायला गेले की वेळ हातात नसतो. दाद मागायची तर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय वरळीला अ‍ॅनी बेझंट रोडवर आहे. फुले योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचे कार्यालयही वरळीतच, कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात. प्रभादेवीहून दोन्ही ठिकाणी बसने जाता येते. गडचिरोलीच्या माणसाला ही चैन नाही.

देवळांचा आणि मंडळांचा हातभार वेगळाच. सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना अर्जावर वैद्यकीय मदत देतो, लालबागचा राजा मंडळ डायलिसिस केंद्र चालवते. ही मदत मोलाची आहे, पण ती एकदा मिळते, ठरावीक रकमेपुरती. दरमहाच्या गोळ्या तिच्यावर काढता येत नाहीत.

मग ज्यांच्या पगारपत्रकावर १४३ची ओळ नाही त्यांचे काय? घरकाम करणाऱ्या बाई, टॅक्सीवाले, फूलवाले, दारोदार पार्सल पोहोचवणारी मुले? त्यांच्यासाठी रोजच्या गोळ्यांची छत्री एकच आहे आणि तिला कुणी योजना म्हणत नाही: पालिकेचा दवाखाना. मुंबईत २०२२पासून 'आपला दवाखाना' उघडले, त्यांत तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या साध्या गोळ्या इथे मिळतात. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लांब असते, पण आत बसलेला डॉक्टर स्टेंटच्या गोळ्या बदलायच्या की चालू ठेवायच्या हे जाणतो. दवाखान्यात साठा नसेल तर तीच गोळी जनऔषधी केंद्रात ब्रँडच्या किमतीच्या कितीतरी कमी दराला मिळते. 'स्वस्त म्हणजे कमअस्सल' हा समज रुग्णांना फार महाग पडला आहे. गोळी कुठलीही घ्या, पण मधे खंड नको.

त्या चाळीतल्या घरात परत येऊ. तिथे आणखी एक व्यक्ती आहे जिच्याबद्दल कुणीच बोलले नाही: गृहस्थांची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्यावर पाच लाखांचे संरक्षण आहे, आणि सत्तरीखालच्या घरच्यांना त्यात वाटा नाही. आजी आधार कार्ड घेऊन नातवाबरोबर गेल्याही असत्या. पण आधारवर जन्मवर्ष चुकल्यामुळे त्या सत्तरीखालच्या दिसतात, कारण कधीतरी कॅम्पमध्ये कुणीतरी अंदाजाने सांगितले होते. रेशनकार्डावरही घोळ आहे. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यावर धाकटा मुलगा विरारला गेला, कार्ड विभक्त करताना आजींचे नाव त्याच्या कार्डावर गेले. पत्ता विरारचा असला तरी फुले योजनेला अडचण नाही, ती राज्यभर चालते. अडचण आहे ती प्रभादेवीच्या कार्डावर आजींचे नावच नसण्याची, आणि आधारवरच्या वयाची.

आधारची दुरुस्ती आधार केंद्रावर होते, नावाची शिधावाटप कार्यालयात. दोन्हीला पुरावे लागतात, एक-दोन फेऱ्या होतात. नातवाला आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. येत्या गुरुवारी आधी आधार केंद्र, आणि वेळ उरला तर वडिलांचे नाव विम्यात घालायला कंत्राटदाराच्या कार्यालयात.